मागच्या मुळावरची गाठ

अक्का, आधी थोडं हसवून घेतो. पुढे जमेल असं वाटत नाही.

आपली पहिली भेट बेंगळुरूत, तुमच्या बनशंकरी भागातल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी झाली. मी ऑफिसचा नवा कोरा टॅबलेट उघडून बसलो होतो आणि शिकवलेल्या पोपटासारखा ऐटीत म्हणालो होतो, "मॅडम, स्पायनल कॉर्डचे सगळे तेहतीस मणके काढून आणलेत." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. चित्राकडे नाही, माझ्याकडे बघत राहिलात.

"कुठला रे तू?"

"नागपूर."

"तिकडं नाडीला लेंगा म्हणतात काय?"

मला काही उलगडा होईना. तुम्ही उठून गॅलरीत गेलात आणि तुमच्या भावाचा, अण्णांचा, वाळत घातलेला ओला लेंगा घेऊन आलात. तो माझ्या टॅबलेटशेजारी पसरलात आणि म्हणालात, "हे बघ. हा नेफा. मणक्यामागं मणका लागून अशी नळी होती. आणि ही आत सरकवलेली नाडी, ही मज्जारज्जू. तू नेफा काढून आणलास आणि नाडी म्हणून दाखवायला लागलास. लेंगा सुटंल की!" आतल्या खोलीतून अण्णा ओरडले, "माझा लेंगा कुठं गेला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "शिकवायला गेलाय."

कोरमंगलाच्या आमच्या कंपनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मोबाइलवरचे धडे बनतात. मी तिथला चित्रकार. चित्रकलेची पदवी, विज्ञान दहावीत सुटलेलं. आणि तुम्ही निवृत्त झालेल्या शरीररचनेच्या प्राध्यापक. माझी चित्रं तपासायची आणि खाली तुमचं नाव जायचं, असा करार होता. दर शनिवारी सकाळी मी तुमच्याकडे यायचो. 'मॅडम'ची 'अक्का' दुसऱ्याच शनिवारी झाली, कारण खालचा इस्त्रीवाला, समोरची भाजीवाली, तुमचे काही पांढऱ्या केसांचे माजी विद्यार्थी, सगळे तुम्हाला अक्काच म्हणायचे आणि मी एकटाच मॅडम म्हणत परका वाटायला लागलो. तुम्ही मला शेवटपर्यंत 'नागपूरकर' म्हणत राहिलात. निपाणीकडच्या पद्धतीनं तुम्ही स्वतःबद्दलही "मी येतो, मी बघितलो" असं बोलायचात. पहिल्यांदा मी हसलो होतो. तुम्ही म्हणालात, "हस बाबा. आमच्याकडं बायका असंच बोलतात आणि कामं पण करतात."

तुमची एक शिस्त होती. डिसेक्शन हॉलमधली, उभ्या आयुष्याची. "बोट ठेव, मोठ्यानं म्हण." नुसतं बघून डोळा फसतो, तुम्ही म्हणायचात, बोट फसत नाही. चित्रातल्या प्रत्येक भागावर मी बोट ठेवायचं, नाव मोठ्यानं म्हणायचं, आणि चुकलो की तुम्ही पेन्सिलीनं माझ्या बोटावरच टकटक करायचात. माझं वय तेहतीस. माझ्या नखांनी शाळेत पट्टी खाल्ली नाही तेवढी तुमच्याकडे पेन्सिल खाल्ली.

असा मी मज्जारज्जू शिकलो. वरून बघितली तर करंगळीएवढी जाड, लांबीला हातभर. तुम्ही माझं कोपर टेबलावर टेकवून बोटाच्या टोकापर्यंत दाखवलंत: "एवढीच. संपली." कवटीच्या तळाशी मेंदूपासून निघते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी निमुळती होऊन थांबते. त्याच्या खाली नळी आहे, पण दोरी नाही. दोरीतून निघालेले मज्जातंतू तेवढे खाली लोंबत जातात, घोड्याच्या शेपटीसारखे. आईच्या पोटात असताना दोरी नळीच्या तळापर्यंत असते, मग हाडं भराभर वाढतात आणि दोरी मागे राहते. "मुलं शिकून बेंगळुरूला जातात आणि आई निपाणीला राहते, तसं," तुम्ही म्हणालात, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागलात.

आडवा छेद दाखवायला तुम्ही केळीचा गाभा चिरलात. पल्यासाठी, म्हणजे भाजीसाठी, आणलेला होता; कन्नडात बाळेदिंडू. त्या पांढऱ्या चकतीवर ओल्या हळदीच्या बोटानं एक फुलपाखरू काढलंत. खऱ्या मज्जारज्जूत आतलं फुलपाखरू ते करड्या रंगाचं, तिथे पेशी. भोवतालचं पांढरं, ते वर-खाली जाणारे तंतू. "मेंदूत उलटं असतं. करडं बाहेर, पांढरं आत. विचारलास काय, का म्हणून? विचारू नकोस, मला पण कुणी सांगितलं नाही." पुढचे पंख जाड, मागचे बारीक. मग चकतीच्या दोन्ही बाजूंना तुम्ही शेवया टेकवल्यात. प्रत्येक बाजूला एक पुढचं मूळ, एक मागचं मूळ. थोडं लांब जाऊन दोघं एकत्र येतात, त्याचा एक मज्जातंतू होतो. अशा एकतीस जोड्या.

"खबर मागच्या दारानं आत येते," तुम्ही म्हणालात, "आणि हुकूम पुढच्या दारानं बाहेर जातो. हे विसरलास तर सगळं विसरलास."

आणि मागच्या शेवईवर, जोडाच्या जरा अलीकडे, तुम्ही एक मोहरीचा दाणा ठेवलात.

"ही गाठ. खबर आणणाऱ्या पेशींचा मुक्काम इथं. पायात काटा टोचला, तवा चटकला, कुणी पाठीवर हात फिरवला, सगळी खबर ह्या गाठीतनं जाते. पुढच्या मुळावर गाठ नाही. फक्त मागच्या. पोरं इथंच चुकतात. म्हणून मी हिला नेहमी दोनदा टिक करतो."

मग तुम्ही ती चकती फोडणीत टाकलीत. मोहरीसकट. आणि आपण जेवलो.

एवढं शिकल्यावर मी थोडीच शांत बसणार? बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात प्लास्टिकचे मणके बनतात, ते बघायला मी स्कूटरवरून गेलो आणि होसूर रोडच्या एका खड्ड्यात कमरेवर बसलो. जवळच्या डॉक्टरांना मी झोपल्या झोपल्या सांगितलं, "कमरेच्या मणक्याला, चौथ्या लंबरला लागलंय. मज्जारज्जूला इजा झाली असणार." डॉक्टर म्हणाले, "तिथे मज्जारज्जू नसतेच. ती वरच संपते." नर्स हसली. मी तुम्हाला फोन करून हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की फोन अण्णांना द्यावा लागला. नंतर महिनाभर तुम्ही इस्त्रीवाल्यालाही सांगत होतात: "ह्याच्या कमरेत दोरी संपली तरी हा शोधतोय."

पण तीच गोष्ट पुढे माझ्या कामी आली. माझ्या बायकोला, मुग्धाला, बाळंतपणासाठी टेबलावर घेतलं आणि तिच्या पाठीत सुई देणार म्हणाले, तेव्हा मी घाबरून बाहेर आलो. मी कॉरिडॉरमधून तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "अरे, सुई तिथं जाते जिथं दोरी संपलेली असते. खाली नुसती शेपटी. पाण्यात तरंगणारे धागे, सुई आली की बाजूला होतात. बस खाली. पाणी पी." मी बसलो. पाणी प्यालो. माझी मुलगी जन्मली तेव्हा या अख्ख्या शहरात माझ्या पाठीवर फिरलेला पहिला हात तुमचा होता, फोनमधून. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. म्हणायच्या गोष्टी न म्हणण्याचा माझा हात त्याआधीपासूनच बसलेला होता.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, चित्र स्वच्छ पाहिजे. मोबाइलवर बोटाएवढ्या चौकोनात पोरगा बघणार, त्याला कचरा दिसता कामा नये. तुम्ही म्हणायचात, "शरीर स्वच्छ नसतंय रे. नेटकं असतंय. स्वच्छ करायला गेलास की काहीतरी मरतंय." मी म्हणायचो, अक्का, तुमचा जमाना गेला. तुम्ही म्हणायचात, सरी, बरं, जमाना गेला, गाठ तिथंच आहे की.

आता ती गोष्ट.

मज्जारज्जूचा धडा पूर्ण झाला त्या शनिवारी मी आडव्या छेदाचं चित्र मोठ्या कागदावर छापून आणलं. ती तुमची अट होती. शेवटची तपासणी कागदावर. तुम्ही हिरवी पेन्सिल घेतलीत, प्रत्येक नावावर बोट ठेवलंत, मोठ्यानं म्हणालात, टिक केलीत. मागच्या मुळावरच्या गाठीशी आलात, दोनदा टिक केलीत आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. खाली 'बघितलं' असं लिहून सही केलीत. तो कागद स्कॅन करून ऑफिसच्या फोल्डरमध्ये चढवायचं काम माझं होतं. ते मी कधीच करत नव्हतो. नुसतं 'मंजूर' असं लिहून रिकाम्या चौकोनात बरोबरची खूण करायचो. कागदांची गुंडाळी घरी कपाटावर.

सोमवारी संध्याकाळी मॅनेजरनं चित्र मोबाइलवर बघितलं. "भाई, ये कचरा दिख रहा है. साइड में क्या लटक रहा है? क्लीन कर दे, कल सुबह लाइव है."

मी क्लीन केलं. चारही मुळं वेगवेगळी काढण्यापेक्षा एक सुबक मूळ काढलं, त्याची नक्कल केली, उलटी केली, चारी बाजूंना लावली. आता एक अडचण. गाठ ठेवली तर ती पुढच्या मुळांवरही येत होती, आणि ते चूक, एवढं मला कळत होतं. नीट ऐका अक्का: कळत होतं. वेगळी मागची मुळं काढायला अर्धा तास लागला असता. मी गाठच काढून टाकली. मग 'मागच्या मुळावरची गाठ' या नावाची रेघ हवेत बोट दाखवायला लागली. ते वाईट दिसलं, म्हणून नावही काढून टाकलं. चित्र इतकं देखणं झालं की मी त्याचा फोटो मुग्धाला पाठवला. तिनं लाल बदाम पाठवला.

खाली तुमचं नाव होतं. तपासणी: डॉ. सुमित्रा देसाई.

काही आठवड्यांनी शांतला मॅडमचा तुम्हाला फोन आला. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी, आता तुमच्याच विभागाच्या प्रमुख. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी ते चित्र उघडलं होतं. त्यांनी घाबरत विचारलं, मॅडम, गाठ कुठंय? तुम्ही मला फोन करून शहानिशाही केली नाहीत. तुम्ही त्यांना सांगितलंत, "सही माझी, तर चूक माझी." हे मला फार नंतर कळलं.

आमच्याकडे मीटिंग झाली. मॅनेजरनं विचारलं, "मॅडम ने देखा था?" मी म्हणालो, "हां, देखा था." "साइन है?" "है." बघा अक्का, चार शब्द, आणि त्यात एकही खोटा नाही. एवढं सुबक खोटं मी आयुष्यात दुसरं काढलेलं नाही. कुणीतरी म्हणालं, उम्र हो गई है यार. सगळ्यांनी जरा वाईट वाटल्यासारख्या माना हलवल्या. मीही हलवली. चित्र मी त्याच दुपारी दुरुस्त केलं, अर्ध्या तासात. तुमचं नाव त्या धड्यावरून गेलं, पुढच्या धड्यांवरूनही, आणि आपले शनिवार संपले.

त्या संध्याकाळी तुमचा फोन.

"नागपूरकर, ते पान हाय काय रे तुझ्याजवळ?"

"कुठलं पान अक्का?"

"सही केलेलं. मला बघायचं होतं, माझं बोट तिथं कसं सुटलं. मला वाटतंय मी दोनदा टिक केलो होतो. खरं आता खात्री वाटंना."

मी म्हणालो, "शोधतो अक्का."

शोधायला कुठे जायचं होतं? मान वर केली की कपाटावर दिसत होतं. नंतर आम्ही महादेवपुऱ्याला राहायला गेलो. सामान हलवताना मुग्धानं जुना कुकर टाकून दिला, मोडकी खुर्ची टाकून दिली. ती गुंडाळी मी मांडीवर धरून टेम्पोत पुढे बसलो. फेकण्याची हिंमत नव्हती आणि उघडण्याचीही नव्हती. तुम्ही दोनदा विचारलंत. दोनदा मी म्हणालो, शोधतो. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. चूक तर कुणाकडूनही होते. पण तुम्ही विचारणं थांबवलंत, आणि मी त्या रात्री शांत झोपलो.

शेवटी या वर्षी एका शनिवारी मी ती गुंडाळी पिशवीत घालून निघालो. महादेवपुऱ्याहून बनशंकरी म्हणजे अर्धा दिवस. सबंध वाटेत हेल्मेटच्या आत वाक्य पाठ करत होतो. "अक्का, गाठ मी काढली." चार शब्द. तेवढेच शब्द मीटिंगमध्ये किती सहज आले होते.

तुम्ही दार उघडलंत, "अय्यो, नागपूरकर! वाट चुकलास काय?" म्हणालात आणि थेट स्वयंपाकघरात नेलंत. फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. गॅस: बघितलो. गीझर: बघितलो. मागचं दार: बघितलो. प्रत्येकीपुढे हिरव्या पेन्सिलीची टिक. मी बघतोय हे तुम्ही बघितलंत.

"सवय लावून घेतोय," तुम्ही म्हणालात. "शनिवारी दुपारी कॉलेजच्या पोरांना शिकवायचो, तो वर्ग पण सोडलो. पोरांना चुकीचं शिकवण्यापेक्षा घरात बसलेलं बरं."

"कशाला सोडलात?"

"अरे, डॉक्टरकडं पण जाऊन आलो. मेंदूच्या. मला कागदावर घड्याळ काढायला लावला. म्हणाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." तुम्ही हसलात. "बरोबर काढलो. काटे सुद्धा. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला काही झालं नाही. मी म्हटलो, मग ती गाठ कशी सुटली, ते सांग. त्याला कुठलं सांगता येतंय!"

अक्का, यापेक्षा मोठा दरवाजा कुणी कुणाला उघडून देत नाही. तुम्ही उलथनं हातात धरून माझ्याकडे बघत होतात. मला फक्त बोट ठेवायचं होतं आणि मोठ्यानं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "होतं अक्का असं. मनाला लावून घेऊ नका."

तुम्ही मान डोलावलीत. "हो की," म्हणालात आणि माझ्या ताटात पल्या वाढलात. केळीच्या गाभ्याचाच होता. मी दोनदा वाढून घेतला. त्या दिवशी मला भूक लागली होती, हे पण लिहून ठेवतो.

निघताना फाटकाशी तुम्ही विचारलंत, "पिशवीत काय रे ते लांबडं?"

"काही नाही अक्का. कॅलेंडर."

"ह्या वर्षाचं?"

"मागच्या."

"मग टाकून दे की. उगीच वागवतोस."

मी स्कूटरला किक मारली. ती बटणावर सुरू होते, पण मी किक मारली. तुम्ही तेही बघितलं असणार.

तीन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ते फ्रिजसमोर उभे होते. चिठ्ठ्या तशाच होत्या. अण्णा म्हणाले, "सगळं बघून झोपली बघ, उठलीच नाही. गॅस, गीझर, मागचं दार. सगळ्यावर टिक हाय." मग म्हणाले, "देहदानाचे कागद तयार ठेवलेत तिनं. मला जाळू नका, कामाला लावा म्हणायची."

तुमच्याच विभागात तुम्हाला नेलं. पहिल्या वर्षाची मुलं पांढरे कोट घालून कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना उभी होती. एका मुलीनं खिशात वाजणारा मोबाइल कोटावरूनच दाबून धरला होता. तिच्या त्या मोबाइलमध्ये आमचा धडा असेल, मी काढलेला, आता बरोबर, आणि आता तुमच्या नावाशिवाय. अण्णांनी सही केली. तुम्ही दाराच्या आत गेलात. मी बाहेर राहिलो, हातात गुंडाळी.

शांतला मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या धारवाडच्या, त्यांना मराठी कळतं, बोलताना कन्नड मिसळतं. मी हेल्मेटमध्ये पाठ केलेलं वाक्य एकदाचं म्हणालो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला का सांगता?" त्या म्हणाल्या. "ज्यांना सांगायचं त्या आत गेल्या."

मी गुंडाळी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी गुंडाळी घेतली, नोटीस बोर्डाखालच्या टेबलावर उलगडली, दोन टोकांवर हातातलं रजिस्टर आणि चष्म्याची पेटी ठेवली. आणि मग, अक्का, त्यांनी बोट ठेवलं. पुढचे पंख. मागचे पंख. मधली नळी. पुढचं मूळ. एकेक नाव मोठ्यानं. कॉरिडॉरमधली मुलं वळून बघायला लागली. गाठीशी बोट थांबलं.

"एरडु सल," त्या म्हणाल्या. "दोन वेळा." बराच वेळ बोट तिथंच होतं. "ह्याच गाठीवर मॅडमनी मला तोंडी परीक्षेत नापास केलं होतं. आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले, मॅडमना सांभाळा, त्या विसरायला लागल्यात."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे लिहून द्याल?"

तुमच्या विद्यार्थ्यांनी आठवणींचं एक छोटं पुस्तक करायचं ठरवलंय. त्यात प्रत्येकजण तुमच्याकडून काय मिळालं ते लिहिणार. शांतला मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही मॅडमचं काय घेतलंत ते लिहा. मराठीत लिहा, कन्नडात आम्ही करून घेऊ. म्हणून हे. ज्या ज्या कुणी वर्षभर 'मॅडमचं वय झालं' असं म्हटलं किंवा ऐकून मान डोलावली, त्यांनी हे वाचावं. डॉ. सुमित्रा देसाई यांनी ती गाठ बघितली होती. दोनदा. सहीचा कागद आता विभागाच्या भिंतीवर काचेत आहे. त्यांचं बोट कुठेही सुटलं नव्हतं. ऑफिसातही मी हे लिहून कळवलंय. मॅनेजर म्हणाला, "छोड ना यार, अब तो वो रही नहीं." मी म्हणालो, म्हणूनच.

हे तुमच्या हयातीत चार शब्दांत झालं असतं. आता इतकी पानं लागली आणि तरी ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही एक वर्ष स्वतःच्या डोक्यावर संशय घेत काढलंत, आणि ते वर्ष मला परत करता येत नाही. क्षमा मागत नाही. मागितली असती तर तुम्ही "असू दे की" म्हणाला असतात आणि मी तेही दोनदा वाढून घेतलं असतं.

जाताना शांतला मॅडमना मी विचारलं, अक्का कुठल्या टेबलावर असतील? त्या म्हणाल्या, ते सांगायचं नसतं, मुलांनाही नाही, नियम आहे. मग म्हणाल्या, "पाठ उघडून मज्जारज्जू दाखवतो आम्ही वर्षाच्या शेवटी. त्या दिवशी या. मुलांना सांगा, गाठ कशी नाहीशी होते."

मी येणार आहे, अक्का. कोट मागून घेईन. किती टेबलं असतील ठाऊक नाही, तुमचं कुठलं तेही नाही. प्रत्येक टेबलावर मागच्या मुळावर ती गाठ असेल, मोहरीच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी. मी एकेका टेबलापाशी जाईन, बोट ठेवीन आणि मोठ्यानं म्हणेन. प्रत्येक ठिकाणी दोनदा.